अन्नातील चोथा : पुरावा आणि दावा

गव्हाचे पीठ चाळले म्हणजे चाळणीत कोंडा उरतो. पुष्कळ घरांत तो गुरांच्या आंबोणात जातो, नाहीतर टाकून दिला जातो. धान्याचे जे आवरण माणसाला पचत नाही, ते काढून टाकल्याने काही बिघडत नाही, अशी समजूत केवळ सामान्य लोकांचीच नव्हती. आहारशास्त्रज्ञांचीही ती दीर्घकाळ होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्या शास्त्राचे सारे लक्ष प्रथिने, जीवनसत्त्वे व खनिजे ह्यांच्याकडे लागलेले होते. अन्नाचे पृथक्करण करताना आम्लात व अल्कलीत उकळूनही जे शिल्लक राही, त्याची नोंद कोष्टकाच्या एका कोपऱ्यात होई, आणि त्या आकड्याचा अर्थ 'निरुपयोगी भाग' असाच घेतला जाई.

आज स्थिती अगदी उलट झाली आहे. जो कोंडा चाळून टाकला जात होता, तोच आता सुबक डब्यांत भरून विकला जातो. बिस्किटांच्या पुड्यांवर, न्याहारीच्या तयार पदार्थांवर आणि पिठाच्या पिशव्यांवर चोथ्याची, म्हणजेच तंतुमय पदार्थांची, प्रशंसा छापलेली आढळते. हा चोथा हृदयाला हितकर आहे, पोट साफ ठेवतो, रोग टाळतो, असे ग्राहकाला सांगितले जाते. ह्यांपैकी कोणत्या विधानाला कितपत पुरावा आहे? हा प्रश्न केवळ विद्वानांचा नव्हे. जो मनुष्य ह्या वाक्यांवर विश्वास ठेवून पैसे खर्च करतो, आणि विशेषतः जो त्या भरवशावर वैद्याकडे जाण्याचे लांबणीवर टाकतो, त्याच्या जिवाशीही त्याचा संबंध पोहोचतो. मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि चोथा ह्यांच्या संबंधाचा शोध गेल्या अर्धशतकात कसा लावला गेला, ह्याचा वृत्तान्त ह्या दृष्टीने फार उद्बोधक आहे.

चोथा म्हणजे काय?

वनस्पतींच्या प्रत्येक पेशीभोवती एक भिंत असते. ही भिंत मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व पेक्टिन ह्या पदार्थांची बनलेली असून काही ठिकाणी तिला लिग्निन नावाच्या काष्ठमय द्रव्याने बळकटी आलेली असते. ह्यांखेरीज निरनिराळे डिंक आणि बुळबुळीत द्रव्येही वनस्पतींत असतात. ह्या सर्वांचा समान गुण असा की, माणसाच्या लहान आतड्यातील पाचक रसांना त्यांचे विघटन करता येत नाही.

ह्याचे कारण रासायनिक रचनेत आहे. तांदळातील पिष्ट आणि कापसातील सेल्युलोज हे दोन्ही पदार्थ ग्लुकोजच्या कणांची साखळी जोडून तयार झालेले आहेत. भेद आहे तो केवळ कड्या जोडण्याच्या पद्धतीत. पिष्टातील जोड उघडणारी विकरे आपल्या लाळेत व स्वादुपिंडाच्या रसात आहेत. सेल्युलोजमधील जोड उघडणारी विकरे आपल्या शरीरात तयार होत नाहीत. म्हणून भात पचतो आणि कोंडा पुढे सरकतो.

परंतु 'पचत नाही' म्हणजे 'त्याचे काहीच होत नाही' असे नव्हे. चोथा मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर दोन प्रकारच्या घडामोडी होतात. गव्हाच्या कोंड्यासारखा खरखरीत चोथा पाणी धरून ठेवतो, मळाचे आकारमान वाढवतो आणि त्याला लवकर पुढे ढकलतो. ओट, जव, कडधान्ये व फळे ह्यांतील मऊ, विद्राव्य चोथ्याचा बराच भाग तेथील असंख्य जीवाणू आंबवतात. ह्या किण्वनातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही लहान साखळीची मेदाम्ले निर्माण होतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन होय. चोथा हा एक पदार्थ नसून भिन्न गुणांच्या अनेक पदार्थांचे कुटुंब आहे, ही गोष्ट वाचकांनी येथेच ध्यानात ठेवावी. पुढील विवेचनात तिची वारंवार गरज पडणार आहे.

युगांडातील निरीक्षण

आहारातील चोथ्याला आज रूढ असलेले इंग्रजी नाव ई. एच. हिप्स्ली ह्यांनी इ. स. १९५३ मध्ये प्रथम वापरले. परंतु ह्या विषयाला जगभर प्रसिद्धी मिळवून दिली ती डेनिस बर्किट ह्या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या शल्यवैद्याने. बर्किट ह्यांनी इ. स. १९४६ पासून सुमारे वीस वर्षे युगांडात शस्त्रक्रियेचे काम केले. आफ्रिकी मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका विशिष्ट अर्बुदाचे वर्णन त्यांनी इ. स. १९५८ मध्ये केले, आणि ते अर्बुद आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

इंग्लंडला परतल्यावर बर्किट ह्यांचा टी. एल. क्लीव्ह ह्या नौदलातील वैद्याच्या लिखाणाशी परिचय झाला. शुद्ध साखर व पांढरे पीठ ह्यांमुळे पाश्चात्त्य समाजात अनेक रोग बळावले आहेत, असे क्लीव्ह ह्यांचे प्रतिपादन होते. ते वाचताना बर्किट ह्यांना आपल्या आफ्रिकेतील अनुभवाची आठवण झाली. मोठ्या आतड्याचा कर्करोग, आंत्रपुच्छाचा दाह, आतड्याच्या भिंतीला फुगवटे येण्याचा विकार हे रोग इंग्लंडमधील रुग्णालयांत नित्याचे होते. युगांडातील ग्रामीण रुग्णांत मात्र ते क्वचितच आढळत.

बर्किट ह्यांनी केवळ आठवणीवर विसंबून न राहता मोजमाप केले. लोकांना क्ष-किरणांत दिसतील असे बारीक मणी गिळावयास देऊन ते शरीराबाहेर पडण्यास किती वेळ लागतो, हे तपासण्यात आले व मळाचे वजनही करण्यात आले. ए. आर. पी. वॉकर व नील पेंटर ह्यांच्यासह त्यांनी इ. स. १९७२ मध्ये जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांत युगांडातील खेडूतांच्या मळाचे दैनिक वजन सुमारे ४७० ग्रॅम व अन्नाचा प्रवासकाल सुमारे ३६ तास होता. ब्रिटिश नौसैनिक व त्यांच्या पत्नी ह्यांच्या बाबतीत हेच आकडे सुमारे १०४ ग्रॅम व ८३ तास असे होते.

ह्यावरून बर्किट ह्यांनी जी उपपत्ती मांडली, तिच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी अशी की, चोथ्याने मळाचे आकारमान वाढते व त्याचा आतड्यातील मुक्काम कमी होतो. दुसरी पायरी अशी की, त्यामुळे अन्नातून वा जीवाणूंच्या क्रियेतून निर्माण होणारी कर्करोगजनक द्रव्ये विरळ होतात, आतड्याच्या अस्तराशी त्यांचा संपर्क थोडा वेळ राहतो, आणि कर्करोग टळतो. पहिली पायरी मोजता येत होती व ती मोजलीही गेली. दुसरी पायरी हा तर्क होता. तो सयुक्तिक होता, आकर्षक होता. तरीही तो तर्कच होता.

युगांडातील खेडूत आणि इंग्लंडमधील नौसैनिक ह्यांच्यात फक्त चोथ्याचाच फरक नव्हता. त्यांच्या ताटातील मांस व चरबी, त्यांचे अंगमेहनतीचे काम, शरीराचे वजन, सरासरी आयुर्मान, रोग निदानाची साधने ह्या सर्वच बाबी भिन्न होत्या. कर्करोग बहुधा उतारवयात होतो. ज्या समाजात वृद्ध थोडे आणि रुग्णालये दूर, तेथे तो कमी नोंदला जाणारच. एवढ्या फरकांमधून एकट्या चोथ्याला श्रेय देणे धाडसाचे होते. इ. स. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ह्या अडचणीतून थोडी वाट काढण्यात आली. डेन्मार्कमधील कोपनहेगनचे रहिवासी आणि फिनलंडमधील कुओपिओ येथील ग्रामीण लोक ह्यांची तुलना करता, दोघांच्या आहारातील चरबी जवळपास सारखी, परंतु फिनिश लोकांचा चोथा दिवसाला सुमारे ३१ ग्रॅम व कोपनहेगनकरांचा सुमारे १७ ग्रॅम भरला. आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग फिनिश खेड्यांत पुष्कळच कमी होता. उपपत्तीला ह्यामुळे पुष्टी मिळाली, सिद्धता मात्र मिळाली नाही.

डब्यावरील वाक्य

सिद्धतेची वाट न पाहता व्यापार पुढे गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने इ. स. १९८२ मध्ये आहार व कर्करोग ह्यांविषयीच्या अहवालात असे नमूद केले होते की, एकूण चोथ्याने मोठ्या आतड्याचा कर्करोग टळतो असा निर्णायक पुरावा उपलब्ध नाही. तथापि त्याच देशातील राष्ट्रीय कर्करोग संस्था लोकांना चोथा अधिक खाण्याचा सल्ला देत होती. इ. स. १९८४ मध्ये केलॉग ह्या कंपनीने ह्या संस्थेच्या संमतीने तिचा सल्ला आपल्या कोंड्याच्या न्याहारीच्या डब्यांवर छापला. चोथायुक्त आहाराने काही प्रकारच्या कर्करोगाचा धोका कमी होऊ शकतो, असा त्याचा आशय होता.

अन्नाच्या डब्यावर रोगाचे नाव घेणे त्या वेळच्या अमेरिकी नियमांत बसत नव्हते. असा दावा केला की तो पदार्थ औषधाच्या व्याख्येत जाई, आणि मग त्याला औषधाच्या कसोट्या लागू होत. परंतु येथे एक सरकारी संस्था दाव्याच्या पाठीशी होती आणि दुसऱ्या सरकारी संस्थेला त्याला आळा घालावयाचा होता. विक्री वाढली, इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. अखेर इ. स. १९९० मध्ये वेष्टनावरील पोषणविषयक मजकुराचा नवा कायदा झाला आणि कोणता दावा करता येईल हे ठरविण्याचे काम अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आले.

इ. स. १९९३ मध्ये ह्या प्रशासनाने दिलेला निर्णय बारकाईने पाहण्यासारखा आहे. 'चोथा कर्करोग टाळतो' असे म्हणण्यास त्याने अनुमती दिली नाही. अनुमती मिळाली ती अशा विधानाला की, चोथा असलेली धान्ये, फळे व भाज्या ह्यांनी समृद्ध आणि कमी चरबीचा आहार काही प्रकारच्या कर्करोगाचा धोका कमी करू शकतो, आणि कर्करोग हा अनेक कारणांशी निगडित रोग आहे. शिवाय ज्या पदार्थावर हे विधान छापावयाचे, त्यातील चोथा मूळचाच असला पाहिजे, वरून मिसळलेला चालणार नाही, अशीही अट होती. उपलब्ध पुरावा चोथेदार अन्न खाणाऱ्या लोकांविषयी होता. त्या अन्नातून वेगळा काढलेला चोथा तेच कार्य करील, असे त्यावरून सिद्ध होत नव्हते.

प्रत्यक्ष कसोटी

दोन समाजांची तुलना कितीही काळजीपूर्वक केली, तरी तिच्यात शंकेला जागा उरते. ती कमी करण्याचा मार्ग म्हणजे प्रयोग. एका मोठ्या समुदायाची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी करावयाची, एका गटाला चोथा द्यावयाचा, दुसऱ्याला न द्यावयाचा, आणि काही वर्षांनी निकाल पाहावयाचा. निवड दैवावर सोडल्यामुळे वय, सवयी, सांपत्तिक स्थिती इत्यादी फरक दोन्ही गटांत सारखेच विखुरले जातात.

कर्करोग होण्यास दशके लागत असल्याने एवढा काळ प्रयोग चालविणे कठीण असते. म्हणून शास्त्रज्ञांनी 'पॉलिप' नावाच्या लहान वाढीकडे लक्ष दिले. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर असे कोंब उगवतात. त्यांपैकी काहींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. ज्यांचे पॉलिप एकदा काढून टाकले आहेत, त्यांना ते पुन्हा येतात की नाही, हे तीन-चार वर्षांत कळू शकते.

अशा दोन अमेरिकी प्रयोगांचे निकाल इ. स. २००० मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात प्रसिद्ध झाले. पहिल्यात २,०७९ लोकांनी भाग घेतला. एका गटाला कमी चरबीचा, भरपूर चोथ्याचा, फळभाज्यांनी युक्त आहार घेण्यास साहाय्य करण्यात आले. चार वर्षांनंतर पॉलिप पुन्हा आढळले ते ह्या गटातील ३९.७ टक्के लोकांत आणि दुसऱ्या गटातील ३९.५ टक्के लोकांत. दुसऱ्या प्रयोगात गव्हाच्या कोंड्याचा तयार पदार्थ देण्यात आला. एका गटाला त्यातून दिवसाला १३.५ ग्रॅम चोथा मिळे, दुसऱ्याला केवळ २ ग्रॅम. प्रयोग पूर्ण करणाऱ्या १,३०३ लोकांपैकी अधिक चोथा घेणाऱ्यांत ४७ टक्के व कमी घेणाऱ्यांत ५१.२ टक्के लोकांना पॉलिप पुन्हा आले. एवढा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. त्यापूर्वी एकच वर्ष, इ. स. १९९९ मध्ये, ८८,७५७ अमेरिकी परिचारिकांच्या सोळा वर्षांच्या पाहणीतही चोथ्याचा व मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा काही संबंध दिसून आला नव्हता.

तीस वर्षे आदराने सांगितली गेलेली उपपत्ती अशा रीतीने कसोटीवर डळमळली. ज्या कोंड्याच्या डब्यावर सोळा वर्षांपूर्वी कर्करोगाचे नाव छापले गेले होते, त्याच प्रकारच्या कोंड्याने प्रत्यक्ष प्रयोगात अपेक्षित फळ दिले नाही.

इसबगोल : एकाच पदार्थाचे दोन निकाल

भारतीय वाचकांच्या दृष्टीने ह्याहूनही बोधप्रद असा वृत्तान्त इसबगोलाचा आहे. इसबगोलाचे पीक मुख्यतः गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेश ह्या प्रदेशांत होते. त्याची मोठी बाजारपेठ गुजरातमधील उंझा येथे असून जगाला लागणाऱ्या इसबगोलाचा बहुतांश पुरवठा भारतच करतो. बद्धकोष्ठावर रात्री पाण्यात भिजवलेला इसबगोलाचा भुसा घेण्याची चाल भारतातील घरोघरी परिचित आहे. हा भुसा पाण्यात फुगून त्याचा दाट बुळबुळीत लगदा होतो.

विद्राव्य चोथ्याच्या ह्याच चिकट गुणाचा हृदयरोगाशी संबंध आहे. पचनासाठी यकृत पित्ताम्ले आतड्यात सोडते आणि त्यांचा बराच भाग पुन्हा शोषला जाऊन यकृताकडे परततो. चिकट लगदा त्यांतील काही पित्ताम्लांना अडकवून शरीराबाहेर नेतो. तूट भरून काढण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरू लागते आणि रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉलचे प्रमाण उतरते. ओटमधील बीटा-ग्लुकन ह्या चोथ्याचेही कार्य असेच चालते. इ. स. २०१४ मध्ये २८ प्रयोगांची एकत्र छाननी करण्यात आली, तेव्हा दिवसाला निदान ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन घेतल्याने अपायकारक कोलेस्टेरॉल दर डेसिलिटर रक्तात सुमारे १० मिलिग्रॅमने घटते, असे दिसून आले. ही घट लहान आहे, परंतु ती प्रयोगामागून प्रयोगात आढळली आहे.

म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओटविषयीच्या दाव्यास इ. स. १९९७ मध्ये आणि इसबगोलाविषयीच्या दाव्यास इ. स. १९९८ मध्ये अनुमती दिली. दोन्ही दाव्यांत मात्रा सांगणे बंधनकारक होते : ओटचा विद्राव्य चोथा दिवसाला ३ ग्रॅम आणि इसबगोलाचा ७ ग्रॅम, तोही चरबीवर नियंत्रण असलेल्या आहाराचा भाग म्हणून. इसबगोल पुरेशा पाण्यावाचून घेतल्यास तो घशात फुगून अडकू शकतो, ह्याची सूचना छापणेही आवश्यक ठरले.

ह्यानंतर दोनच वर्षांनी, इ. स. २००० मध्ये, एका युरोपीय प्रयोगाचा निकाल बाहेर आला. त्यात पॉलिप काढलेल्या ६६५ रुग्णांची तीन गटांत वाटणी केलेली होती. एका गटाला कॅल्शियम, दुसऱ्याला दिवसाला ३.५ ग्रॅम इसबगोल व तिसऱ्याला निष्क्रिय भुकटी देण्यात आली. तीन वर्षांनंतर निष्क्रिय भुकटी घेणाऱ्यांपैकी २०.२ टक्के लोकांत पॉलिप पुन्हा आढळले; इसबगोल घेणाऱ्यांत हे प्रमाण २९.३ टक्के होते. ज्याने धोका घटेल असे वाटत होते, त्याने तो वाढला असावा असा संशय ह्या आकड्यांनी उत्पन्न केला.

ह्या एका प्रयोगावरून इसबगोल घातक ठरत नाही. तो प्रयोग एकटा आहे आणि त्यातील रुग्णांची संख्याही फार मोठी नाही. परंतु ह्यातून एक गोष्ट निःसंशय स्पष्ट होते. कोलेस्टेरॉल उतरविणे आणि आतड्याचा कर्करोग टाळणे ही दोन वेगळी कार्ये आहेत. एखाद्या चोथ्याने पहिले कार्य सिद्ध केले म्हणून दुसऱ्याचे श्रेय त्याला आपोआप मिळत नाही.

पाहण्यांची बेरीज

तर मग बर्किट ह्यांचे म्हणणे अगदीच निराधार ठरले काय? तसेही नाही. पॉलिपविषयीचे प्रयोग तीन-चार वर्षांचे होते, तर कर्करोग दशकांनी होतो. ते प्रयोग मध्यमवयीन व वृद्ध लोकांवर झाले. त्यांच्या आतड्यांवरील आधीच्या आयुष्याचा परिणाम पुसला जाणे शक्य नव्हते. शिवाय ज्या समाजात सर्वांचाच चोथा कमी, तेथे कमी व अधिक खाणाऱ्यांतील अंतरही अपुरे पडते.

ह्या कारणास्तव अधिक मोठ्या पाहण्या हाती घेण्यात आल्या. इ. स. २००३ मध्ये दहा युरोपीय देशांतील ५,१९,९७८ लोकांच्या पाहणीत सर्वाधिक चोथा खाणाऱ्या पंचमांश लोकांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळला. उलट इ. स. २००५ मध्ये १३ पाहण्यांतील ७,२५,६२८ लोकांची माहिती एकत्र केली असता, आहारातील इतर गोष्टींचा हिशेब धरल्यावर हा संबंध जवळजवळ नाहीसा झाला. इ. स. २०११ मधील एका संकलनात दिवसाला दर १० ग्रॅम अधिक चोथ्यामागे धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी दिसला. त्यात अखंड धान्यांचा व धान्यातील चोथ्याचा संबंध अधिक स्पष्ट होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या विनंतीवरून झालेले आणि इ. स. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले संकलन ह्या सर्वांत व्यापक होय. त्यात १८५ दीर्घकालीन पाहण्या व ५८ प्रयोग विचारात घेतले गेले. भरपूर चोथा खाणाऱ्या लोकांत मृत्यू, हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह व मोठ्या आतड्याचा कर्करोग ह्यांचे प्रमाण कमी चोथा खाणाऱ्यांच्या मानाने १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले, आणि दिवसाला २५ ते २९ ग्रॅमच्या सुमारास लाभ सर्वाधिक दिसला. ह्या पुराव्याची विश्वसनीयता 'मध्यम' अशी ठरविण्यात आली. इ. स. २०१८ मध्ये जागतिक कर्करोग संशोधन निधीनेही चोथेदार अन्न व अखंड धान्ये ह्यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी होणे 'संभवनीय' मानले. 'निश्चित' हा शब्द वापरला नाही.

ह्या सर्वांचा मेळ असा बसतो. चोथ्याने मळाचे आकारमान वाढते व प्रवासकाल घटतो, ही बर्किट ह्यांची पहिली पायरी भक्कम ठरली आहे. युरोपीय संघाने इ. स. २०१२ मध्ये गव्हाच्या कोंड्याविषयी जो दावा मान्य केला तो नेमका एवढाच आहे : दिवसाला निदान १० ग्रॅम कोंड्याचा चोथा घेतल्यास अन्नाचा आतड्यातील प्रवास जलद होतो. त्यात कर्करोगाचा उल्लेख नाही. दुसरी पायरी संभवनीय आहे. परंतु जे लोक धान्ये, कडधान्ये, भाज्या व फळे ह्यांच्या रूपाने आयुष्यभर चोथा खातात, त्यांच्यापुरतीच ती संभवनीय आहे. डब्यातील चमचाभर भुकटीविषयी तसे म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने इ. स. २०२३ मध्ये प्रौढांना दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा घेण्याची शिफारस केली, तेव्हा तो अन्नात निसर्गतः असणाराच असावा, असे स्पष्ट म्हटले आहे.

दावा कसा वाचावा?

ह्या इतिहासावरून वेष्टनावरील कोणतेही वाक्य पारखण्यासाठी चार प्रश्न हाती येतात. कोणता चोथा? ओटवर झालेल्या प्रयोगाचे श्रेय गव्हाच्या कोंड्याला देता येत नाही. किती? दिवसाला ३ ग्रॅम लागत असतील आणि एका वाटीत पाऊण ग्रॅमच असेल, तर एका वाटीने काम भागत नाही. कशावर परिणाम? कोलेस्टेरॉल, मळाचे आकारमान आणि कर्करोग ह्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आणि शेवटचा प्रश्न, पुरावा कशा प्रकारचा? दोन समाजांची तुलना, दीर्घकालीन पाहणी आणि प्रत्यक्ष प्रयोग ह्यांचे वजन सारखे नसते.

भारतात इ. स. २०१८ च्या नियमांनुसार घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये निदान ३ ग्रॅम चोथा असेल तर त्याला 'चोथ्याचा स्रोत' आणि निदान ६ ग्रॅम असेल तर 'चोथ्याने समृद्ध' म्हणता येते. हा दावा केवळ प्रमाणाविषयीचा आहे. आरोग्याविषयी तो काहीच सांगत नाही. असे 'समृद्ध' बिस्किट वीस ग्रॅम खाल्ले तर त्यातून सव्वा ग्रॅमच्या आसपास चोथा मिळेल, आणि त्यासोबत साखर व चरबी किती मिळाली हे पुड्याच्या दुसऱ्या बाजूस पाहावे लागेल. ह्याउलट, न चाळलेल्या कणकेच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ११ ग्रॅम, बाजरीच्या व नाचणीच्या तेवढ्याच भागात जवळपास तितकाच आणि ज्वारीच्या भागात सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. मैद्यात व पांढऱ्या तांदळात तो ३ ग्रॅमपेक्षाही कमी आहे. साठ ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीतून सुमारे ६ ग्रॅम चोथा पोटात जातो. सोबत आमटी, उसळ व पालेभाजी असली की दिवसाची गरज कोणताही डबा न उघडता भागू शकते.

चोथा वाढवावयाचा तो हळूहळू आणि पाण्याचे प्रमाण वाढवून. एकाएकी वाढविल्यास पोट फुगते व वायूचा त्रास होतो. ज्यांचे आतडे कोठे अरुंद झाले असेल त्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून तो वाढवू नये. आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, शौचावाटे रक्त जाऊ लागले, शौचाच्या सवयीत कारणावाचून बदल होऊन तो टिकून राहिला, किंवा वजन घटू लागले, तर कोंडा वा इसबगोल घेऊन वाट पाहत बसू नये. मोठ्या आतड्याचा कर्करोग आरंभीच्या अवस्थेत सापडला तर बहुधा बरा होऊ शकतो, आणि उशिरा सापडल्यास तसे आश्वासन देता येत नाही. चोथ्याने धोका काही अंशी कमी होत असेलही. परंतु तो तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

बर्किट ह्यांनी विचारलेला प्रश्न योग्य होता, आणि त्याचे उत्तर शोधण्यात पन्नास वर्षे व लाखो लोकांचे सहकार्य खर्ची पडले. मिळालेले उत्तर डब्यावरील वाक्याहून अधिक सावध आहे. चाळणीतला कोंडा पिठात राहू द्यावा, एवढे ते निश्चितपणे सांगते. त्यापुढचे जे सांगावयाचे ते 'संभवनीय' ह्या शब्दासह सांगावे, आणि ऐकणाऱ्यानेही तो शब्द गाळून ऐकू नये.